टेबल बनवायला बसण्याआधी: ओळ, कॉलम, की आणि रिकामी जागा

डेटाबेस शिकायला घेतला की बहुतेक जण थेट सिलेक्ट, जॉइन वगैरे पाठ करायला लागतात आणि टेबल काय, एक्सेलच्या शीटसारखंच तर असतं असं म्हणून तो भाग उरकून टाकतात, मग काही महिन्यांनी क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) इतक्या वेड्यावाकड्या व्हायला लागतात की वाटतं आपल्याला एसक्यूएल (हे प्रश्न ज्या भाषेत लिहितात ती) जमतच नाही. जमत असतं हो. टेबल चुकलेलं असतं.

म्हणून इथे क्वेऱ्या जवळजवळ नाहीतच. वाचनालयाचं एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जातो, आणि सुरुवातीलाच एक युक्ती सांगून ठेवतो जी मला स्वतःला फार उशिरा कळली: टेबलमधली प्रत्येक ओळ म्हणजे एक वाक्य असतं. शाळेत ‘रिकाम्या जागा भरा’ असायचं ना, तसंच. ‘सभासद क्रमांक अमुक यांनी प्रत क्रमांक तमुक या तारखेला नेली’ हे वाक्य म्हणजे टेबल, त्यातल्या रिकाम्या जागा म्हणजे कॉलम आणि जागा भरून तयार झालेलं प्रत्येक खरं वाक्य म्हणजे एक ओळ. टेबल बनवताना हे वाक्य मोठ्याने म्हणून बघायचं, म्हणता येत नसेल किंवा म्हणताना ‘आणि शिवाय’, ‘आणि हो’ असं करत दम लागत असेल तर एका टेबलात दोन-तीन टेबलं कोंबलेली आहेत असं समजायचं.

हे काही माझं डोकं नाही. आयबीएम या संगणक कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं तेव्हा पाया हाच होता. आणि रिलेशनल या शब्दाबद्दल बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो, की टेबलांची एकमेकांशी नाती जोडतात म्हणून रिलेशनल. तसं नाहीये. गणितात रिलेशन म्हणून जी गोष्ट असते, म्हणजे ठरावीक जागा असलेल्या नोंदींचा संच, तीच इथे टेबल झालीये. म्हणजे तुमच्याकडे एकच टेबल असलं तरी ते रिलेशनलच.

संच म्हटलं की दोन गोष्टी आपोआप आल्या. एक, ओळींना क्रम नसतो. तुम्ही आधी घातलेली ओळ वर आणि नंतरची खाली असं दिसतं खरं, पण ते योगायोगाने दिसतं, क्रम हवा असेल तर क्वेरीत ऑर्डर बाय लिहायलाच लागतं, नाहीतर उद्या डेटा वाढला किंवा कुणी इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून केलेली सूची) टाकला की तीच क्वेरी वेगळ्या क्रमाने ओळी देईल आणि तुम्ही कोडमध्ये बग शोधत बसाल. दुसरी, तेच वाक्य दोनदा म्हणून काही जास्त खरं होत नाही, त्यामुळे हुबेहूब सारख्या दोन ओळींना अर्थ नाही. प्रत्यक्षात एसक्यूएल असल्या ओळी चालवून घेतं, तिथे ते गणितापेक्षा ढिलं आहे, आणि हा ढिलेपणा बंद करायचं काम आपल्यालाच करावं लागतं, ते की लावून. त्याकडे येतो.

आधी चुकीचं टेबल बघू, कारण सुरुवात सगळे इथूनच करतात. एकच मोठं टेबल: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, सभासदाचं नाव, फोन, पत्ता, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. दिसायला छान, सगळं एका जागी. आता एका सभासदाने तीस पुस्तकं नेली असतील तर त्याचा फोन तीस वेळा लिहिला गेला, त्याने नंबर बदलला, तुम्ही एकोणतीस ओळी बदलल्या आणि एक राहिली, आता खरा नंबर कुठला? नवीन पुस्तक आलंय पण अजून कुणी नेलंच नाही, ते लिहायचं कुठे, अर्धी ओळ मोकळी सोडून? आणि एखाद्या सभासदाने एकच पुस्तक नेलं होतं, ती चुकीची नोंद म्हणून ओळ खोडली तर सभासदच गायब. बदलताना, घालताना, काढताना, तिन्ही वेळा घोळ. वाक्य म्हणून बघा म्हणजे कारण लगेच कळेल, कारण इथे तीन वेगळी वाक्यं एका दमात म्हटलीयत: हे पुस्तक अमुक लेखकाचं आहे, या सभासदाचा फोन हा आहे, आणि याने ते तेव्हा नेलं.

मग कापायचं. सभासदांचं एक टेबल, पुस्तकांचं एक, आणि देवघेवीचं एक. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. इथे थांबलात तर मात्र फसाल, कारण वाचनालयातून सभासद पुस्तक नेत नाही, पुस्तकाची प्रत नेतो. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर पुस्तकाचं नाव, लेखक हे चौघींना सामाईक, पण फाटलेली कुठली आणि कुणाकडे गेलेली कुठली हे प्रतीगणिक वेगळं. ग्रंथपालांना हे पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून तर रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक असतो. तर चौथं टेबल प्रतींचं. डेटाबेस डिझाइनमधलं निम्मं काम हे असं असतं, बोलताना आपण एकाच शब्दात दोन गोष्टी गुंडाळतो आणि टेबलात त्या सुट्या कराव्या लागतात.

नॉर्मलायझेशन, पहिला-दुसरा-तिसरा नॉर्मल फॉर्म असं जे परीक्षेत विचारतात ते याच कापाकापीचे नियम आहेत. पाठ करायचेच असतील तर करा, पण कामाला एवढं पुरतं: एका खान्यात एकच गोष्ट, आणि प्रत्येक कॉलमने फक्त त्या ओळीच्या कीबद्दल बोलायचं, दुसऱ्या कुणाबद्दल नाही. देवघेवीच्या ओळीत सभासदाचा फोन आला की समजा, ती ओळ दुसऱ्याबद्दल बोलायला लागली.

आता की. वाक्य नक्की कोणाबद्दल आहे हे ओळखायची खूण म्हणजे प्रायमरी की. ती दोन ओळींत सारखी नसते, कधी रिकामी नसते, आणि तिसरी अट जी कुठला डेटाबेस तपासत नाही पण तुम्ही तपासायची: ती शक्यतो कधी बदलू नये.

पुस्तकासाठी पहिला मोह होतो आयएसबीएनचा. जगभर चालणारा नंबर, प्रत्येक आवृत्तीला वेगळा, अजून काय पाहिजे. पण जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो, कारण ही पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली, आणि प्रायमरी की तर रिकामी ठेवता येत नाही. त्यात आधी तो दहा अंकी होता आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला, म्हणजे ‘कधी बदलणार नाही’ म्हणता म्हणता त्याचा आकारच बदलला. गंमत म्हणजे दहा अंकीमध्ये शेवटचा अंक कधी कधी एक्स असतो, त्यामुळे कुणी तो कॉलम पूर्णांक म्हणून ठेवला असेल तर ती पुस्तकं आतच येणार नाहीत. आणि चार प्रतींचा आयएसबीएन एकच, त्यामुळे प्रतींच्या टेबलात तर तो की म्हणून बादच.

बाहेरच्या जगातून आलेल्या नंबरांचं असंच असतं, ते आपल्या हातात नसतात. म्हणून बहुतेक लोक डेटाबेसला सांगतात की तूच एक चढता क्रमांक दे, ज्याला बाहेर काही अर्थ नाही. मीही तेच करतो. फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही. क्रमांक लावला म्हणजे डुप्लिकेट बंद झाले असं नसतं, तोच सभासद दोनदा भरला तर त्याला ५२ आणि ५३ असे दोन क्रमांक मिळतात आणि डेटाबेस खूश असतो. जे खरोखर एकमेव असायला हवं, जसं प्रतीचा दाखल क्रमांक, त्यावर वेगळं युनिक (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) लावायचं. हे विसरलेली टेबलं मी इतकी पाहिलीत की आता नवीन टेबल दिसलं की आधी तेच बघतो.

क्रमांकासाठी टाइप निवडताना एक बघून ठेवा, साधा चार बाइटचा इंट २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. वाचनालयाला हे जन्मभर पुरेल, पण दर सेकंदाला शेकडो नोंदी लिहिणाऱ्या लॉगच्या टेबलाला नाही, तिथे आठ बाइटचा बिगइंट.

कॉलमचे टाइप

टाइप म्हणजे त्या रिकाम्या जागेत काय बसू शकतं याची अट. एक सोपी कसोटी आहे: डेटाबेसने स्वतः दिलेला क्रमांक सोडला तर ज्याची बेरीज-वजाबाकी करणार नाही तो नंबर नव्हे, तो मजकूर. फोन नंबर मी एकदा पूर्णांक म्हणून ठेवला होता, सुरुवातीची शून्यं सगळी उडाली आणि ती परत आणायला मूळ कागद शोधावे लागले. फोन, पिन, दाखल क्रमांक, आयएसबीएन, सगळे टेक्स्ट.

पैसे फ्लोट या अपूर्णांकांच्या टाइपमध्ये ठेवू नका. फ्लोट बायनरीत मोजतो, त्याला ०.१ नेमका लिहिताच येत नाही, ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३ च्या एक केस पुढे येतं. दंडाचा, वर्गणीचा हिशोब असेल तर डेसिमल किंवा न्यूमेरिक घ्या.

तारीख तारखेच्याच टाइपमध्ये. मजकूर म्हणून ०४/०३ लिहिलं तर ती चार मार्च की तीन एप्रिल हे वाचणाऱ्यावर आलं, शिवाय सॉर्ट करताना अक्षरांप्रमाणे लागणार म्हणजे वर्ष बाजूलाच राहिलं. आणि तारखेवरून जे काढता येतं ते साठवायचं नाही: वय साठवू नका, जन्मतारीख साठवा, कारण वयाचं वाक्य वर्षभरात खोटं होतं.

मजकुराच्या लांबीचं मात्र आपल्या लिपीत जरा वेगळं आहे आणि ते इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई ची खूण असे सहा तुकडे आहेत. म्हणजे व्हारकॅर दहा (जास्तीत जास्त दहा तुकड्यांचा मजकूर) असा कॉलम ठेवला तर त्यात असली दोन अक्षरंही मावत नाहीत. डेटाबेसच्या सॉफ्टवेअरांपैकी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे तुकडे मोजतात, तर ओरॅकल सांगितलं नाही तर बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या रीतीत) देवनागरीचा एकेक तुकडा तीन बाइटचा, म्हणजे हे एकच अक्षर अठरा बाइट खातं. नावं-पत्त्यांचे कॉलम सढळ हाताने मोठे ठेवा. मायएसक्यूएलमध्ये अजून एक खाचखळगा, तिथलं ‘यूटीएफ८’ नावाचं जुनं सेटिंग तीन बाइटपर्यंतच जातं, मराठी त्यात बरोबर बसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग एक दिवस कुणीतरी शेऱ्यात इमोजी टाकतो. ‘यूटीएफ८एमबी४’ वापरायचं, विषय संपला.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर शिकत असाल तर हे माहीत असू द्या की ते टाइपबाबत फार उदार आहे, पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘अबक’ घातलं तरी घेतं. २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिता येतं, मग ते नीट वागतं.

नल

हा सगळ्यात जास्त छळणारा प्रकार, त्यामुळे इथे सावकाश जा. नल म्हणजे शून्य नाही आणि रिकामी अक्षरमाळाही नाही, नल म्हणजे ती जागा भरलेलीच नाही. देवघेवीच्या टेबलात परत केल्याची तारीख नल आहे याचा अर्थ प्रत अजून सभासदाकडेच आहे. हा नलचा चांगला वापर, त्याला एकच अर्थ आहे. पण सभासदाच्या फोनमध्ये नल असेल तर? फोन नाहीये, की दिला नाही, की विचारायचाच राहिला? तीन अर्थ आले आणि टेबल त्यातला कुठला हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक कॉलमला आधी नॉट नल (रिकामं चालणार नाही अशी अट) लावायचं आणि जिथे ‘रिकामं म्हणजे नेमकं काय’ हे सांगता येईल तिथेच ते काढायचं. उलट दिशेने गेलात, म्हणजे आधी सगळं मोकळं आणि नंतर आवळायचं, तर तोपर्यंत कचरा आत शिरलेला असतो.

आता छळ कुठे आहे ते. नलची तुलना कशाशीही केली की उत्तर हो येत नाही आणि नाहीही येत नाही, ‘माहीत नाही’ असं येतं. नल बरोबर नल का, तर माहीत नाही. आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीतली अट, फक्त ‘हो’ असलेल्या ओळी देतं. त्यामुळे परत-तारीख बरोबर नल असं लिहून न आलेल्या प्रती शोधायला गेलात तर शून्य ओळी मिळतात, एरर पण येत नाही, आणि वाटतं वा, सगळी पुस्तकं परत आली. इज नल लिहायचं असतं. याहून वाईट नॉट इन (‘या यादीत नसलेल्या’ ओळी मागणारं), त्याच्या यादीत चुकून एक जरी नल आला तरी अख्खी क्वेरी रिकामी येते, तिथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. आणि काउंट: काउंटच्या कंसात तारा दिला तर ओळी मोजतो, कॉलम दिला तर त्यातले नल सोडून मोजतो, दोन्ही आकडे बरोबरच असतात, फक्त प्रश्न वेगळे असतात. ओरॅकल तर रिकाम्या अक्षरमाळेलाच नल समजतं, ते वापरत असाल तर ‘नल म्हणजे रिकामी अक्षरमाळा नाही’ हे वर म्हटलेलं विसरा.

टेबलं जोडायची

देवघेवीच्या ओळीत सभासदाचं नाव नाही, त्याचा क्रमांक आहे. तो क्रमांक खरोखर सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे अशी सक्ती म्हणजे फॉरेन की. नुसतं कॉलमला सभासद-आयडी नाव दिलं म्हणजे फॉरेन की झाली असं नाही, ती सांगावी लागते, नाहीतर अस्तित्वात नसलेला सभासद पुस्तक घेऊन जातो. एसक्यूलाइटमध्ये तर ती सांगूनही सहसा पाळली जात नाही, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा नावाची सूचना लिहून चालू करावी लागते.

सभासदाला काढून टाकलं तर त्याच्या देवघेवीचं काय, हेही तिथेच ठरवायचं. रिस्ट्रिक्ट म्हणजे काढूच द्यायचं नाही, कॅस्केड म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या ओळीही उडवायच्या, सेट नल म्हणजे ओळ राहील पण कोणाची ते पुसलं जाईल. सवयीने कॅस्केड लावणारे लोक बघितले की मला धडकी भरते, एक ओळ डिलीट केली आणि वर्षांचा इतिहास गेला. रिस्ट्रिक्टपासून सुरुवात करा, आणि सभासद सोडून गेला तर त्याला काढण्याऐवजी ‘सोडल्याची तारीख’ असा कॉलम द्या, तो गेला हेही एक खरं वाक्यच आहे ना.

फॉरेन की कुठल्या बाजूला ठेवायची हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. ‘अनेक’ असतात त्या बाजूला ठेवायची: एका पुस्तकाच्या अनेक प्रती, म्हणून पुस्तकाचा क्रमांक प्रतीच्या ओळीत. पुस्तकाच्या ओळीत प्रत-१, प्रत-२, प्रत-३ असे कॉलम करायला गेलात तर चौथी प्रत आली की टेबल बदलायला लागेल, आणि कॉलमला नंबर पडायला लागले की तिथे नवीन टेबल लपलेलं असतं हे पक्कं धरा. लेखकांचं अजून थोडं अवघड, एका पुस्तकाला दोन-तीन लेखक आणि एका लेखकाची अनेक पुस्तकं, दोन्हीकडे अनेक. इथे स्वल्पविराम देऊन सगळे लेखक एका खान्यात कोंबायचे नाहीत, मध्ये एक तिसरं टेबल घालायचं, त्यात फक्त पुस्तक क्रमांक आणि लेखक क्रमांक, दोन्ही मिळून प्रायमरी की. वाक्य किती छोटं होतं बघा: ‘हे पुस्तक याने लिहिलंय.’ मुखपृष्ठावर नावांचा क्रम महत्त्वाचा असेल तर तो क्रमही याच टेबलात येतो.

फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्यातला डेटा साठवणारा नेहमीचा भाग) आपोआप बनवतं, पोस्टग्रेस नाही बनवत. तिथे तो हाताने टाका नाहीतर सभासद काढताना डेटाबेस अख्खं देवघेव टेबल चाळत बसेल.

मुद्दाम वाईट डेटा घाला

टेबलं तयार झाली की खरा डेटा भरायच्या आधी अर्धा तास खोटा आणि चुकीचा डेटा घालून बघा, हे काम कंटाळवाणं वाटतं पण पुढचे कितीतरी दिवस वाचवतं. नसलेल्या सभासदाच्या नावावर प्रत द्या, एरर आली पाहिजे. एकच दाखल क्रमांक दोन प्रतींना द्या, एरर. नेल्याच्या तारखेआधीची परत-तारीख घाला, एरर यायला हवी पण त्यासाठी चेक (ओळीतल्या किमतींवर घातलेली अट) लावलेला असला पाहिजे, आणि मायएसक्यूएल ८.०.१६ पेक्षा जुनं असेल तर ते चेक वाचतं, हो म्हणतं आणि गुपचूप सोडून देतं. परत-तारीख नल असेल तेव्हा चेकचं उत्तर ‘माहीत नाही’ येतं आणि चेक त्याला जाऊ देतो, व्हेअरच्या बरोब्बर उलट, इथे आपल्याला तेच हवंय.

आता प्रत क्रमांक ३०७ सभासद ५२ ला द्या, परत-तारीख मोकळी ठेवा, आणि तीच प्रत लगेच सभासद ६० ला पण द्या. एरर येणार नाही. वर जे जे लावलं ते सगळं पाळलं गेलंय, सभासद खरे, प्रत खरी, तारखा नीट, दोन्ही वाक्यं एकेकटी चालणारी, आणि तरी एक प्रत दोघांच्या घरी. प्रत क्रमांकावर सरळ युनिक लावलं तर ती प्रत जन्मात एकदाच देता येईल, ते नको. हवंय ते एवढंच की परत न आलेल्या ओळींमध्ये एक प्रत एकदाच दिसावी. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये युनिक इंडेक्सला व्हेअर लावता येतं: प्रत क्रमांकावर युनिक, जिथे परत-तारीख इज नल. मायएसक्यूएलमध्ये असा अर्धा इंडेक्स नाही, तिथे एक जनरेटेड (इतर कॉलमवरून आपोआप भरणारा) कॉलम करायचा, ज्यात प्रत बाहेर असेल तर प्रत क्रमांक आणि आली असेल तर नल, आणि त्या कॉलमवर युनिक लावायचं, कारण युनिकमध्ये नल कितीही चालतात. आधीच्या दोन्ही ओळी खोडा, हे लावा, आणि ३०७ परत दोघांना देऊन बघा. दुसऱ्या वेळी एरर आली की मग खरा डेटा भरायला घ्या.